मांड्या समांतर नाही झाल्या तरी चालेल

पत्राचा सारांश : पत्रलेखिका ४६ वर्षांच्या आहेत, काम दिवसभर बसून. वर्षभरापूर्वी त्यांनी कराटेचा वर्ग लावला. सहा महिन्यांपासून रोज सकाळी ‘झान झुआंग’ही करतात, म्हणजे छातीसमोर हात गोलाकार धरून एका जागी स्थिर उभं राहण्याचा चिनी सराव. वर्गात किबा-दाची, म्हणजे घोड्यावर मांड ठोकल्यासारखा रुंद पवित्रा घेतला की त्यांच्या मांड्या जमिनीला समांतर होत नाहीत. पंजे बाहेर फिरतात, गुडघे आत पडतात आणि डाव्या गुडघ्याची आतली बाजू दुखते. शेजारची विशीतली मुलं तीन-तीन मिनिटं खाली बसून असतात. त्या रोज रात्री अर्धा तास जांघा ताणतात, पण पाच महिन्यांत काडीचा फरक नाही. एका ज्येष्ठ साधकांनी सांगितलं की रोज ४० मिनिटं उभं राहायला हवं आणि पाय थरथरले तरी थांबायचं नाही, कारण थरथर म्हणजे अडलेली ऊर्जा मोकळी होण्याची खूण. मागच्या आठवड्यात विसाव्या मिनिटाला त्यांच्या डोळ्यांपुढे अंधारी आली. त्या विचारतात : आधी अंग पूर्ण मोकळं करून मगच उभं राहण्याच्या सरावाकडे वळावं का? हा वयाचा परिणाम आहे का? आणि गुडघा सांभाळायचा तर हा नाद सोडून द्यावा का?

अंधारीबद्दल तुम्ही पत्रात सगळ्यात शेवटी, एका ओळीत लिहिलंय. उत्तराची सुरुवात तिथूनच करू या, कारण गुडघ्याचं आणि मांड्यांचं दोन आठवडे लांबलं तरी काही बिघडत नाही. अंधारीचं तसं नाही.

आपण उभे राहतो तेव्हा छाती-पोटातलं साधारण अर्धा ते पाऊण लीटर रक्त खाली उतरतं. चालताना पोटऱ्या आवळतात आणि सुटतात, त्यामुळे ते परत वर ढकललं जातं. स्थिर उभं राहिलं की हा पंप जवळजवळ बंद पडतो. त्यात सकाळची वेळ, रात्रभर पाणी प्यायलेलं नाही, खोली उबदार, आणि दमल्यावर नकळत मागे ताणून घट्ट केलेले गुडघे. एवढं जुळून आलं की मेंदूकडचा रक्तपुरवठा क्षणभर कमी पडतो. संचलनात सावधान उभे असलेले तगडे जवान कोसळतात तेही बहुतेक वेळा याच कारणाने, तेव्हा यात अशक्तपणाचा प्रश्न नाही.

उपाय साधे आहेत. उठल्या उठल्या उभं राहू नका. आधी ग्लासभर पाणी आणि पाच मिनिटं घरातल्या घरात चालणं. सरावात दर मिनिटाला एकदा पायाची बोटं जमिनीत रुतवा आणि सोडा, वजन बोटभर पुढे न्या, बोटभर मागे आणा. बघणाऱ्याला कळणारही नाही, पण पोटऱ्या कामाला लागतात. कानात गुंजणं, थंड घाम, जांभया, मळमळ, नजरेच्या कडा काळवंडणं, यातलं काहीही जाणवलं की त्या दिवसाचा सराव तिथे संपला. लगेच खाली बसा किंवा आडव्या होऊन पाय उशीवर ठेवा. ‘जाईल आत्ता’ म्हणत उभं राहू नका. अंधारीपेक्षा पडून डोकं आपटण्याचा धोका मोठा. रक्तदाबाचं औषध चालू असेल, छातीत धडधड किंवा दुखणं असेल, किंवा पुढे पाच-सात मिनिटांतच पुन्हा अंधारी आली, तर आधी डॉक्टरांकडून तपासून घ्या आणि तोपर्यंत उभं राहण्याचा सराव बंद ठेवा.

आता थरथर. स्नायूतले तंतू पाळीपाळीने काम करतात. ते दमायला लागले की मज्जासंस्था आणखी तंतूंना एकदम हाक मारते, त्यांचा मेळ विसकटतो आणि पाय थरथरतो. इतकंच. त्यात कोणाला ऊर्जा दिसत असेल तर दिसो, पण कधी थांबायचं हा निर्णय त्या कल्पनेवर सोडू नये. थरथर बारीक आहे, पवित्रा जागेवर आहे, श्वास नाकाने सहज चाललाय, तर खुशाल चालू ठेवा. पाय हेलकावे खाऊ लागला, गुडघा आत सरकला किंवा श्वास कोंडला गेला की थांबायचं. दमलेला स्नायू भार पेलेनासा झाला की तो भार सांध्याच्या अस्थिबंधांवर, म्हणजे हाडाला हाड बांधणाऱ्या पट्ट्यांवर जातो, आणि तुमचा डावा गुडघा नेमकी हीच तक्रार करतोय.

मूळ प्रश्नाकडे येऊ. ‘मी आखडलेली आहे, म्हणून खाली जाता येत नाही, म्हणून ताणायला हवं’ असा तुमचा हिशेब आहे. असेलही तसं. पण तपासलंय का? पाच महिने रोज अर्धा तास जांघा ताणून जर काहीच बदललं नसेल, तर जांघांचा दोषच नसण्याची शक्यता बरीच आहे. घरी करता येतील अशा चार चाचण्या सांगतो. वही घेऊन बसा आणि आकडे लिहून ठेवा.

पहिली चाचणी घोट्याची. अनवाणी पायाने भिंतीकडे तोंड करून उभ्या राहा, एक पाऊल पुढे. टाच जमिनीला चिकटलेली ठेवून गुडघा भिंतीला टेकवा. गुडघ्याची वाटी दुसऱ्या बोटाच्या रेषेत राहिली पाहिजे, आत वळायला नको. पाऊल हळूहळू मागे सरकवत न्या आणि टाच उचलायच्या बेतात येईल तिथे थांबून अंगठ्यापासून भिंतीपर्यंतचं अंतर पट्टीने मोजा. दहा सेंटिमीटर किंवा त्याहून जास्त असेल तर घोटा पुरेसा वाकतो. सहा-सातच्या खाली असेल तर रुंद पवित्र्यात कंबर सरळ ठेवून खाली जाणं अवघड, कारण गुडघ्याला पुढे यायला जागाच मिळत नाही. मग शरीर पळवाट काढतं : पंजा बाहेर फिरतो, तळपायाची कमान आत कोसळते, तिच्यामागोमाग गुडघा. दोन पायांत दोन सेंटिमीटरचा फरक निघाला तर तोही लिहून ठेवा. आणि ताण नेमका कुठे येतो ते पाहा. पोटरीत मागे ओढ येत असेल तर ताणण्याने आणि ताकदीच्या व्यायामाने फरक पडेल. घोट्याच्या पुढच्या बाजूला चिमटल्यासारखं होत असेल तर अडथळा सांध्यात आहे. तिथे पोटरी कितीही ताणली तरी उपयोग नाही, आणि जोर लावू नये.

दुसरी चाचणी टाचेखालच्या फळीची. दोन्ही टाचांखाली दोन सेंटिमीटर जाडीची फळी किंवा घट्ट पुस्तक ठेवून किबा-दाची घ्या. गुडघे आपसूक रेषेत आले आणि तुम्ही सहज आणखी खाली गेलात, तर गुन्हेगार घोटाच.

तिसरी चाचणी खुब्याची, आणि मला ती सगळ्यात जास्त आवडते. जमिनीवर हात आणि गुडघे टेका. दोन गुडघ्यांमधलं अंतर तुमच्या किबा-दाचीतल्या अंतराएवढं ठेवा, नडग्या सरळ मागे. आता कंबरेचा कणा गोल होऊ न देता नितंब मागे टाचांकडे ढकला. आरशात पाहा किंवा कोणाला तरी बाजूने फोटो काढायला सांगा. मांडी आणि धड यांच्यात जो कोन इथे मिळतो तो तुमच्या खुब्याची आजची मर्यादा. उभ्या पवित्र्यात तुम्हाला जेवढं खाली जायचंय तेवढं इथे आरामात जाता येत असेल, तर खुब्यात जागा आहे, ती जागा अंगाचा भार घेऊन वापरायची ताकद नाही. बसून काम करणाऱ्यांमध्ये असं अनेकदा आढळतं. अशा माणसाने आणखी तीन वर्षं जांघा ताणल्या तरी पवित्रा खाली जाणार नाही.

चौथी चाचणी टेबलाच्या कडेवर बसून करायची. पाय खाली लोंबते, मांडी स्थिर. एका पायाचं पाऊल बाहेरच्या बाजूला न्या, मग आतल्या बाजूला. पाऊल बाहेर जातं तेव्हा मांडीचं हाड खोबणीत आत फिरतं, पाऊल आत येतं तेव्हा हाड बाहेर फिरतं. दोन्हीकडे साधारण ३० ते ४५ अंश सामान्य मानतात. पाऊल बाहेरच्या बाजूला लांब जातंय पण आत जेमतेम येतंय, असं असेल तर मांडी बाहेर फिरवायला तुम्हाला जन्मतःच जागा कमी असू शकते. खोबण किती खोल आहे, तिचं तोंड कुठे आहे, मांडीच्या हाडाची मान किती पिळलेली आहे, हे माणसागणिक वेगळं असतं आणि ताणून हाड बदलत नाही. खाली जाताना जांघेच्या घडीत पुढून चिमटा बसत असेल तर तो ताण नव्हे. तिथे थांबायचं, पावलांमधलं अंतर किंवा पंजाचा कोन बदलून पाहायचा.

गुडघ्याबद्दल इतकंच लक्षात ठेवा : तो वाकतो आणि सरळ होतो, पिळवटण्यासाठी तो बनलेला नाही. वर खुबा फिरत नाही, खाली घोटा वाकत नाही, मग मधला गुडघा दोघांची भरपाई करतो. पंजा बाहेर आणि गुडघा आत, या जोडीत गुडघ्याच्या आतल्या बाजूचं अस्थिबंध ताणलं जातं. तुमचं दुखणं तिथलंच आहे. म्हणून आजपासून किबा-दाचीत पंजे आणि गुडघे एकाच दिशेला ठेवा. पंजे समांतर ठेवून गुडघे बाहेर नेता येत नसतील तर पंजे २० ते ३० अंश बाहेर वळवा आणि गुडघे त्याच रेषेत आणा. कोणी नियमाकडे बोट दाखवलं तर कराटेतच शिको-दाची नावाचा पवित्रा आहे, त्यात पंजे ४५ अंश बाहेर असतात. रुंद पवित्र्याला एकच साचा नसतो.

आणि मांड्या समांतर झाल्याच पाहिजेत, ही दुसरी गृहीत धरलेली गोष्ट. प्रात्यक्षिकात आणि छायाचित्रात तो पवित्रा शोभतो. परीक्षेत गुणही मिळतात. पण गुडघा ९० अंशाच्या जवळ जातो तसा वाटीमागचा दाब वाढत जातो आणि स्थिर धरताना तो दाब एकाच जागी साचून राहतो. तिथे जाऊ नये असं नाही. तिथे टप्प्याटप्प्याने जावं. कुमितेत, म्हणजे समोरासमोरच्या लढतीत, कोणीही इतकं खाली बसत नाही. तिथे उंच आणि हलकं उभं राहिल्याशिवाय हलताच येत नाही. खोल पवित्रा हा ताकद आणि ताबा मिळवायचा सराव आहे. विसाव्या वर्षीच्या शेजाऱ्याच्या मांडीशी तुमच्या मांडीचा कोन जुळवण्यात ताकदही नाही आणि ताबाही नाही.

तुमच्या पहिल्या प्रश्नाचं उत्तर इथेच येतं. आधी लवचीकता, मग उभं राहणं, असा क्रम लावू नका. ताणून धरल्याने सुरुवातीला वाढते ती मुख्यतः ओढ सहन करायची तयारी. त्या नव्या कोनात भार घेतला नाही तर शरीर तो कोन वापरायला देत नाही. दोन्ही एकत्र करायचं, भार घेऊन करायचं. शिवाय वर्गाच्या अगदी आधी एकेक स्नायू मिनिटभरापेक्षा जास्त ताणून धरला तर पुढच्या काही वेळापुरता त्याचा जोर थोडा कमी होतो. लांब ताणायचंच असेल तर सराव झाल्यावर किंवा वेगळ्या वेळी.

रात्रीचा अर्धा तास आता असा वापरा. एक दिवसाआड, आठवड्यातून तीन वेळा. सुरुवातीला पाच मिनिटं चालणं आणि भिंतीला हात टेकून प्रत्येक पायाचे पुढे-मागे, डावी-उजवीकडे दहा-दहा झोके. मग घोटा : वर सांगितलेली भिंतीची चाचणीच व्यायाम म्हणून, प्रत्येक पायाने १५ वेळा, शेवटच्या टोकाला दोन सेकंद थांबून, असे दोन फेरे. त्यानंतर जिन्याच्या पायरीच्या कडेवर चवडे ठेवून उभ्या राहा, कठडा धरा, दोन्ही पायांनी टाचा वर उचला आणि एकाच पायावर चार सेकंद घेत टाच पायरीच्या खाली उतरवा. आठ वेळा, मग दुसरा पाय. असे दोन फेरे गुडघा सरळ ठेवून आणि एक फेरा गुडघा किंचित वाकवून, कारण पोटरीत दोन मुख्य स्नायू आहेत आणि खालचा, चपटा स्नायू गुडघा वाकलेला असतानाच जास्त राबतो. घाई करून धपकन उतरलात तर सगळा फायदा वाया.

खुब्यासाठी जमिनीवर बसा, हात मागे टेकलेले, गुडघे वाकवलेले, पावलं खांद्यांपेक्षा रुंद. दोन्ही गुडघे उजवीकडे जमिनीकडे न्या, मग डावीकडे, दहा-दहा वेळा. दोन आठवड्यांनी हात न टेकता करून पाहा. फरक लगेच कळेल. नंतर उभ्याने खुर्चीची पाठ धरून पाय फाकवा आणि एका पायावर बसत दुसरा सरळ ठेवा, सावकाश, प्रत्येक बाजूला सहा वेळा, दोन फेरे. जांघेतली खरी लवचीकता याने येते. खाली तेवढंच जायचं, जेवढ्यात टाच जमिनीवर राहते.

मग पवित्रा. मागे खुर्ची ठेवा आणि तिच्यावर गाद्या किंवा उशा रचा, इतक्या की खाली आल्यावर नितंबांना नुसता स्पर्श होईल, टेकणार नाहीत. ही तुमची उंची. पावलांत खांद्यांच्या दुपटीच्या जवळपास अंतर, तळपायाचे तीन बिंदू जमिनीवर : टाच, अंगठ्याचं मूळ, करंगळीचं मूळ. गुडघ्याची वाटी दुसऱ्या बोटाच्या वर. माकडहाड जबरदस्तीने पुढे ओढू नका. अनेक जण तसं करतात आणि कंबर सपाट होऊन खुब्याची उरलीसुरली जागाही संपते. २० सेकंद धरा, ४० सेकंद उभं राहून पाय मोकळे करा, असं पाच वेळा. दर आठवड्याला पाच-पाच सेकंद वाढवत ४५ सेकंदांपर्यंत जा. तिथे पाचही फेरे स्वच्छ झाले की एक उशी काढा आणि परत २० वर या.

पाचांतले तीन फेरे या उंचीवर करा, दोन फेरे वीतभर वर. स्थिर धरून कमावलेली ताकद ज्या कोनात कमावली त्याच्या आसपासच, साधारण १५ ते २० अंश इकडे-तिकडे, कामाला येते. एकाच उंचीवर घोटत राहिलं तर तिथून वर-खाली सरकताना पाय दगा देतो. ‘स्टान्स चांगला आहे पण हलता येत नाही’ असं प्रशिक्षक म्हणतात तेव्हा बहुधा हेच झालेलं असतं.

याच कारणाने झान झुआंगबद्दलही एक गैरसमज दूर करायला हवा. उंच उभं राहून खोल पवित्रा येत नाही. ४० मिनिटं उभं राहिलात तरी किबा-दाची एक इंचही खाली जाणार नाही, कारण त्यात गुडघे जेमतेम वाकलेले असतात. त्याचं काम वेगळं आहे : पाठीचे आणि पायांचे अंग तोलून धरणारे स्नायू चिवट होतात, श्वास खाली उतरतो, नको तिथे आवळून धरायची खांद्यांची सवय सुटते. चिनी युद्धकलेचे गुरू वांग श्यांगझाय यांनी गेल्या शतकात यीछुआन ही युद्धकलेची पद्धत उभी केली, तेव्हा ठरावीक हालचालींच्या मालिका बाजूला सारून स्थिर उभं राहणं मध्यभागी आणलं. तिथेही सुरुवातीचा पवित्रा उंचच असतो. खोलीची हौस करायची जागा ती नव्हे.

तुमच्या सकाळच्या उभं राहण्यात काय पाहायचं ते सांगतो. पावलं खांद्यांएवढी रुंद, समांतर. गुडघे फक्त कुलूप काढल्याइतके सैल, वजन तळपायाच्या मधोमध. हात छातीपासून फूटभर पुढे, बोटांच्या टोकांमध्ये एक-दोन मुठींचं अंतर, कोपर मनगटाच्या आणि खांद्याच्या खाली. कोपर वर गेलं की दुसऱ्याच मिनिटाला मानेपासून खांद्यापर्यंत जळजळ सुरू होते. तेव्हा दात खाऊन धरून राहू नका, हात बेंबीसमोर आणा आणि चालू ठेवा. पाच-सात मिनिटांनी कंबर दुखत असेल तर तुम्ही मागे रेलता आहात. हात पुढे धरले की त्यांचा भार तोलायला धड नकळत मागे जातं आणि बरगड्या पुढे फुगतात. लांब श्वास सोडा आणि त्याबरोबर बरगड्या खाली बसू द्या. एकदा भिंतीपासून मूठभर अंतरावर पाठ करून उभं राहून पाहा, पाठ भिंतीला लागली की कळेल.

वेळ पाच मिनिटांवर आणा. हो, विसावरून पाचवर. दर आठवड्याला एक मिनिट वाढवा, १५ मिनिटांपर्यंत. त्यापुढे जायचं असेल तर जा, पण आरोग्यासाठी त्याची गरज नाही. सराव संपवताना एकदम चालू लागू नका, हात हळू खाली आणा, गुडघे दोन-चार वेळा वाकवा, मग चाला.

गुडघा दुखत असताना किती सोसायचं, याला व्यवहारात एक माप वापरतात. शून्य ते दहामध्ये तीनपर्यंतचं दुखणं, जे सराव संपल्यावर ओसरतं आणि दुसऱ्या दिवशी सकाळी कालच्यापेक्षा वाढलेलं नसतं, ते चालेल. सकाळी जिना उतरताना जास्त जाणवलं तर आदल्या दिवशीचा डोस जास्त झाला. पुढच्या वेळी खोली कमी करा, वेळ नंतर. पहिले दोन आठवडे वर्गातही उंच पवित्र्यातच राहा. गुडघा सुजला, वाकवताना अडकून बसला, उतरताना अचानक सुटल्यासारखा झाला, किंवा दोन आठवडे खोली कमी करूनही आतलं दुखणं हटलं नाही, तर अस्थिरोगतज्ज्ञ किंवा फिजिओथेरपिस्टकडे जा. असल्या लक्षणांवर कोणत्याही पवित्र्याचा इलाज चालत नाही. एकाच पोटरीला सूज, ऊब आणि दुखणं असेल तर त्याच दिवशी डॉक्टरांकडे जा.

वयाचं म्हणाल, तर ४६ हे स्नायू कमावण्याच्या आड येणारं वय नाही. फरक आहे तो वेगाचा. स्नायूची ताकद सहा-आठ आठवड्यांत जाणवते, पण स्नायूबंधांना, म्हणजे स्नायू हाडाला जोडणाऱ्या दोरांना, भाराची सवय व्हायला तीन महिने आणि वरती लागतात. ताकद वाढली म्हणून हुरूप येतो, माणूस दुसऱ्या महिन्यात दुप्पट करतो आणि तिथेच गुडघा किंवा टाच धरते. विशीतल्या मुलांना हेच नियम आहेत; त्यांना चुकीची किंमत उशिरा मोजावी लागते, एवढंच.

प्रशिक्षकांशी बोलायला संकोच वाटतो असं पत्रात जाणवलं. वर्गाच्या आधी दोन मिनिटं घ्या आणि सरळ सांगा : ‘सर, डावा गुडघा आतून दुखतोय, पुढचे सहा आठवडे मी उंच उभी राहते, पंजे थोडे बाहेर ठेवते, खाली जाण्याचं घरी चालू आहे.’ कारण आणि मुदत दोन्ही सांगितलं की बहुतेक जण मान्य करतात. न सांगता वर राहिलात तर ते जवळ येऊन खांद्यावर दाब देणार, आणि तुम्ही भिडेखातर खाली जाणार. मागून खांदे दाबून कोणी खाली बसवत असेल तर त्याला स्पष्ट नाही म्हणा. ज्येष्ठ साधकांशी वाद घालण्याची गरज नाही. त्यांची ४० मिनिटं काही वर्षांत जमलेली असतील, तुमचा सहावा महिना आहे.

याच तक्रारी असलेल्या इतर वाचकांसाठी दोन गोष्टी. ज्यांचा रक्तदाब थोडा वर असतो त्यांना भिंतीला पाठ टेकून, खुर्चीशिवाय खुर्चीत बसल्यासारखं धरणं उपयोगी ठरल्याचं संशोधनात दिसलं आहे. त्यात सर्रास वापरलेलं माप असं : दोन मिनिटं धरायचं, दोन मिनिटं विश्रांती, असं चार वेळा, आठवड्यातून तीन दिवस, काही आठवडे. मात्र धरलेलं असताना रक्तदाब तेवढ्यापुरता चढतो आणि श्वास रोखला तर फारच चढतो. म्हणून तोंडाने हळू आकडे मोजत राहा, आकडे मोजताना श्वास कोंडता येत नाही. रक्तदाब आटोक्यात नसेल, हृदयविकार किंवा काचबिंदू असेल तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय हे सुरू करू नका, आणि चालू औषध स्वतःच्या मनाने कमी करू नका.

साठीपुढच्या, तोल जाण्याची भीती असलेल्या वाचकांनी रुंद पवित्र्याच्या मागे लागूच नये. ओट्याला किंवा जड टेबलाला दोन बोटं टेकवून खांद्यांएवढ्या रुंदीत उभं राहावं, वजन सावकाश एका पायावर न्यावं, दुसऱ्याची टाच उचलावी, दहा सेकंद, मग बदल. दोन बोटांचं एक बोट झालं की पुरे, टेकू पूर्ण काढायची घाई नको. पाठीशी खुर्ची असू द्या आणि पायात मोजे नकोत, फरशीवर घसरतात.

तुम्ही मात्र सहा आठवड्यांनी वही उघडा आणि चारही चाचण्या परत करा. घोट्याचं अंतर दीड-दोन सेंटिमीटर वाढलं असेल आणि फळीशिवाय गुडघे रेषेत राहत असतील तर आणखी सहा आठवडे हेच चालू ठेवा. घोटा जागच्या जागी असेल आणि पुढे चिमटा बसत असेल तर घरच्या सरावात टाचांखालची फळी राहू द्या आणि फिजिओथेरपिस्टला घोटा दाखवा. खुबा हाडावर अडत असल्याचं दिसलं तर पंजे ३० अंश बाहेर हीच तुमची किबा-दाची, आणि खोली जिथे कंबर गोल न होता थांबते तिथे.